नवा कोट

सरकारी कचेरीत बसणाऱ्या माणसाला ‘मूळ’ या शब्दाचा मोठा धाक असतो. मूळ आदेश, मूळ पावती, मूळ प्रमाणपत्र; आणि त्या प्रत्येकाच्या मागे हात जोडून उभी असलेली साक्षांकित नक्कल. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. दहा-बारा वर्षांत आमच्या टेबलावरून जे कागद गेले त्यांत मूळ थोडे आणि नकला फार. मूळ कागद कपाटात कुलूपबंद असतो. माणसांचे निवृत्तिवेतन, बदल्या, रजा, सगळे चालते ते नकलेवर. त्यामुळे मूळ तेवढे श्रेष्ठ आणि नक्कल ती हलकी, ही सर्वसाधारण समजूत आमच्या धंद्यात फार काळ टिकत नाही.

हा वाद आमच्या घरात शिरला तो मात्र खेळण्यांच्या खोक्यातून. आमचे चिरंजीव आठ वर्षांचे आहेत आणि लेगोच्या ठोकळ्यांचे निष्ठावंत उपासक आहेत. त्यांच्या वाढदिवसाला पुण्याहून मामाने एका गाजलेल्या चित्रपटातले अंतराळयान धाडले. ते पाहून आमच्या कचेरीतील एका स्नेह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. हे गृहस्थ स्वतः जुने संच जमवतात. त्यांच्या मते लेगोचे विषय दोन जातींचे. एक स्वयंभू, म्हणजे कंपनीने स्वतः कल्पिलेले: गाव, गड, अंतराळ, समुद्रचाचे. दुसरे परवान्याचे, म्हणजे चित्रपटवाल्याला त्याचा हिस्सा देऊन घेतलेले. “पहिल्यात मूल खेळते, दुसऱ्यात सिनेमा खेळतो,” असा त्यांचा निवाडा. चिरंजीवांचा निवाडा अगदी उलट. “बाबा, नुसत्या यानात काय आहे? हे यान कोणाचं आहे ते मला माहीत आहे!” दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम, आणि दोन ठाम पक्षांच्या मधे टिपण लिहिणे हे तर आमचे रोजचेच काम.

टिपण लिहायचे तर आधी पूर्वपीठिका. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावी ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. डॅनिश भाषेत ‘छान खेळा’ या अर्थाचे जे दोन शब्द आहेत, त्यांची आद्याक्षरे जुळवून १९३४ मध्ये ‘लेगो’ हे नाव पडले. आज जो ठोकळा आपण पाहतो त्याच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. वरच्या अंगाला उंचवटे आणि आतल्या पोकळीत नळ्या, एवढीच युक्ती. पण तीमुळे ठोकळे एकमेकांना घट्ट धरतात आणि ओढले की सुटतात. घट्ट धरणे आणि वेळेवर सुटणे हे दोन्ही गुण एका ठिकाणी माणसांतही क्वचितच आढळतात. त्या साली निघालेला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बिनतक्रार बसतो. माथ्यावर आठ उंचवटे असलेले एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते ९१,५१,०३,७६५ निरनिराळ्या रीतींनी जोडता येतात, असे गणित्यांनी मोजून सांगितले आहे. सहा ठोकळ्यांची ही कथा. घरोघरच्या बादल्यांत तर ते शेकड्यांनी असतात.

आता या मूळपणाचे मूळ शोधू जावे तर गंमत दिसते. हिलरी पेज नावाच्या इंग्रज खेळणीकाराने ‘किडिक्राफ्ट’ या नावाखाली एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे आधीच विकायला काढले होते. बिलुंडच्या मंडळींनी ते पाहिले, त्यांत सुधारणा केली, आणि १९४९ मध्ये आपले ठोकळे बाजारात आणले. आमचे स्नेही ज्या स्वयंभू देवाची पूजा करतात, त्याचा पाषाणही असा दुसऱ्याच्या डोंगरातून आलेला आहे. जुन्या ‘गावा’च्या संचांतील पेट्रोलपंपावर शेल कंपनीचा शिंपला झळकत असे, तोही काही बिलुंडच्या सुताराने कल्पिला नव्हता. त्या कंपनीशी असलेला हा जुना घरोबा पुढे लोकांनी आक्षेप घेतल्यावर २०१४ साली संपुष्टात आणण्याचे ठरले. तात्पर्य, निर्भेळ मूळ असे तिथेही नव्हतेच.

तरीसुद्धा स्नेह्यांच्या म्हणण्यात काही सत्य आहे, आणि ते १९७८ सालात आहे. त्या वर्षी हात-पाय हलवणारी छोटी बाहुली आली आणि तिच्याबरोबर गाव, गड आणि अंतराळ असे तीन विषय आले. त्या बाहुलीला नाव नव्हते. दोन ठिपक्यांचे डोळे, एक हसरी रेघ, आणि पिवळाधमक चेहरा. पिवळा का, तर तो कोणत्याच देशाचा माणूस वाटू नये म्हणून. हळद लागलेला नवरदेव जसा त्या दिवसापुरता कोणत्याच कचेरीचा कारकून नसतो, तसे ते पिवळे लोक कोणत्याच राष्ट्राचे नागरिक नव्हते. अंतराळातले प्रवासी तर असे, की त्यांना शत्रूच नव्हता. काळ्या पोशाखातली प्रतिपक्षाची टोळी निघाली ती १९८७ साली. तोवर नऊ वर्षे हे लोक चंद्रावर हसतमुखाने केवळ हिंडत होते. ते तिथे का गेले, परत कधी येणार, हे सांगण्याचे काम कंपनीने मुलांवर सोपवले होते.

मग १९९९ साली ‘स्टार वॉर्स’चा परवाना घेतला गेला. नावातच युद्ध असल्यामुळे त्याला कंपनीच्या आतूनच विरोध झाला होता. पण संच निघाले आणि धो धो खपले. २००१ मध्ये हॅरी पॉटर आला. पुढे चित्रपटातील नट आणि खरे खेळाडू बाहुल्या होऊन आले, तेव्हा त्यांना पिवळे ठेवणे जमेना. २००३-०४ पासून परवान्याच्या बाहुल्यांना माणसांच्या कातडीचे रंग आले; स्वयंभू विषयांतले लोक मात्र पिवळेच राहिले. यात न्याय आहे. सावळ्या माणसाची बाहुली सावळी असावी, हे उघड आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट आपोआप ठरून गेली: ज्याला नाव मिळाले त्याला रंग मिळाला, आणि ज्याला रंग मिळाला त्याची कथाही ठरली.

उसनी कथा धंद्यालाही जपून वापरावी लागते. २००३ साली या दोन्हींपैकी एकाचाही नवा चित्रपट आला नाही आणि संचांचा खप घसरला. त्या वर्षी व पुढच्या वर्षी कंपनीला मोठा तोटा सोसावा लागला. कारणे इतरही अनेक होती, पण दुसऱ्याच्या विहिरीवर मळा केला की पाळीची वाट पाहावी लागते, हे त्यातले एक. त्या पडत्या काळात ‘बायोनिकल’ या कंपनीच्या स्वतःच्या विषयाने पुष्कळ आधार दिला. २०११ मध्ये ‘निंजागो’ हा असाच घरचा विषय निघाला. तो थोड्या वर्षांत आटोपायचा बेत होता. पण मुलांनी त्याला सोडले नाही. स्वयंभू पक्षाला हा मोठा विजय वाटतो. आम्ही मात्र चिरंजीवांच्या मांडीला मांडी लावून निंजागोची मालिका पाहिली आहे. तिच्यातही प्रत्येक बाहुलीला नाव आहे, स्वभाव आहे, शत्रू आहे आणि ठरलेला शेवट आहे. कथा कंपनीची असो वा चित्रपटवाल्याची, मुलाच्या हाती ती सारखीच शिजवून येते.

याउलट एक उदाहरण आमच्या शेजारचेच. आम्ही राहतो त्या होसकोट्याजवळ व्होल्वो कंपनीचा मालमोटारींचा कारखाना १९९८ पासून आहे. त्याच नावाचा, माती उचलणाऱ्या प्रचंड लोडरचा संच लेगोने २०१४ मध्ये परवान्याने काढला. तो खऱ्या यंत्राची हुबेहूब साक्षांकित नक्कल होय. पण २०१८ मध्ये दोन्हीकडच्या तंत्रज्ञांनी एकत्र बसून ‘झ्यूक्स’ नावाचा दुसरा लोडर रचला, जो जगात कुठे अस्तित्वातच नव्हता. रचताना मुलांनाही विचारले होते. आता हा संच परवान्याचा म्हणावा की स्वयंभू? आमच्या कचेरीत असा कागद आला असता तर तो दोन विभागांमध्ये वर्षभर फिरला असता.

म्हणून आम्हांला वाटते, प्रश्न मूळ की परवाना हा नाही. प्रश्न असा की कथेवर हुकूम कोणाचा चालतो.

हे आम्हांला कळले ते ठोकळ्यांवरून नव्हे, शेजारच्या अज्जींच्या पायऱ्यांवरून. वाचकहो, आपल्यापैकी जे कर्नाटकात राहतात त्यांना दसऱ्यातला बाहुल्यांचा सण ठाऊक असेलच. विषम संख्येच्या पायऱ्या मांडतात, वर ‘पट्टद गोंबे’ म्हणजे लाकडी राजा-राणीची जोडी, खाली दशावतार, रामाचे वनवासाला जाणे, आणि त्याखाली जी मर्जी असेल ते. दरवर्षी एखादी तरी नवी बाहुली बसवायची. अज्जींच्या पायऱ्यांवर चन्नपट्टणची लाखकाम केलेली लाकडी चित्रे आहेत, आणि सर्वांत खालच्या पायरीवर क्रिकेटचा सामना चालू असतो. परवाच्या दसऱ्यात सीतेच्या स्वयंवराला आगगाडीने पाहुणे आले होते. रामाची कथा अज्जींची नाही, त्यांच्या आज्जींचीही नव्हती. हजारो वर्षे ती उसनीच चालत आली आहे. पण तिला मालक नाही. स्वयंवरात आगगाडी आणण्यासाठी अज्जींना कोणाकडे अर्ज करावा लागला नाही, शिक्का घ्यावा लागला नाही. उसनी असूनही ती कथा त्यांच्या हुकमतीत आहे.

आणि आपला दिवाळीचा किल्ला? आमचे बालपण साताऱ्यात गेले. मागच्या अंगणात विटा, दगड, पोती आणि चिखल यांचा किल्ला होई. त्यावर अळीव पेरायचे, कुंभाराकडचे मावळे मांडायचे, माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवायचे. प्रतापगड करू म्हणून हात घालावा आणि संध्याकाळपर्यंत तो प्रतापगड राहू नये, हा दरवर्षीचा क्रम. एका वर्षी आमच्या गडाच्या पायथ्याशी एस. टी. चा थांबा होता, कारण मावळ्यांनी चालत किती यायचे? आळीतल्या कोणाही वडीलधाऱ्या माणसाने त्याला हरकत घेतली नाही. इतिहास शाळेत शिकायचा. अंगणातला गड आपला.

आज मराठी मंडळींत कोणीतरी हमखास म्हणते, लेगोने आपल्या रायगडाचा संच काढावा. ताजमहालाचा काढला, २००८ मध्ये, जवळजवळ सहा हजार तुकड्यांचा. मग रायगडाने काय घोडे मारले आहे? अभिमानाची भावना आम्ही समजतो. तसा संच निघाला तर दुकानाच्या काचेसमोर आम्हीही क्षणभर थांबू. पण आम्हांला त्याची थोडी भीतीही वाटते. त्या खोक्यात एक जाड सूचना-पुस्तिका असेल. महादरवाजा कोणत्या पानावर बांधायचा, टकमक टोकाला किती राखाडी तुकडे लावायचे, हे तीत ठरलेले असेल. आमचे मूल रायगड बिनचूक बांधील आणि कपाटावर ठेवील. त्याच्या पायथ्याशी एस. टी. थांबणार नाही. कथा आपली असली, तरी बंद खोक्यातून आली की ती परवान्याचीच होते.

परप्रांतात मूल वाढवणाऱ्याला ही गोष्ट थोडी अधिक बोचते. आमचे चिरंजीव गल्लीत कन्नड बोलतात, शाळेत इंग्रजी, दूरदर्शनच्या पडद्याशी हिंदी, आणि घरात मराठी. तीही कधीकधी आमच्या आग्रहास्तव. त्यांना शिवाजीमहाराजांची गोष्ट सांगताना आम्हांला ती सातारच्या मुलाला सांगावी तशी सांगता येत नाही, कारण इथे खिडकीतून अजिंक्यतारा दिसत नाही. दिसतो तो होसकोट्याचा विस्तीर्ण तलाव आणि त्यापलीकडे जुन्या मद्रास रस्त्यावरच्या गोदामांची निळी छपरे. मग आम्ही सांगतो, की या गावाचे नाव म्हणजेच ‘नवा कोट’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडा नावाच्या नायकाने तो बांधला. आणि सांगतो, की १६३८ नंतर बंगळूरबरोबर हे होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत होते. “म्हणजे महाराजांचे बाबा इथे होते?” असे विचारताना चिरंजीवांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती अंतराळयानाच्या खोक्यालाही आली नव्हती, एवढे आम्ही साक्षांकित करून देऊ शकतो.

ते अंतराळयान तीन महिने कपाटावर होते. हातही लावायचा नाही, धूळसुद्धा फुंकूनच काढायची. सौभाग्यवती म्हणाल्या, “हे खेळणं आहे की देव्हारा?” प्रश्न रास्त होता. परवान्याच्या संचाची हीच खोड. तो मोडला की त्याचे यानपण जाते, म्हणून मूल तो मोडत नाही. आणि मोडला नाही तर त्यातला प्रत्येक ठोकळा जन्मभर एकाच हुद्द्यावर राहतो, बढती नाही, बदली नाही. शिवाय किंमत अशी, की दुसऱ्यांदा तुकडे गोळा करण्याचे धाडस कोणी करू नये. परदेशी खेळण्यांवरची जकात २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर नेली गेली, त्या परिपत्रकाची नक्कल कशीबशी आमच्याही टेबलावरून गेली होती. तेव्हापासून दुकानातला मोठा संच आणि आमचे घरभाडे यांची शर्यत चालू आहे.

दिवाळी आली. भाड्याच्या घराला अंगण नाही, गच्चीत चिखल करण्याला घरमालकांची परवानगी नाही. चिरंजीव दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी आम्ही कचेरीतून परत आलो तेव्हा सज्जात किल्ला उभा होता, ठोकळ्यांचा. तटबंदी राखाडी होती, आणि एवढा राखाडी रंग आमच्या घरात एकाच ठिकाणी होता. आम्ही कपाटाकडे पाहिले. कपाट रिकामे होते. यानाचे पंख बुरुज झाले होते, यानाचे तोंड दिंडी दरवाजा. मावळे म्हणून पिवळ्या चेहऱ्याचे अग्निशामक दलाचे जवान होते. त्यांच्या रांगेत चित्रपटातला तो शिरस्त्राणधारी शिपाईही भाला घेऊन उभा होता, त्याचा पक्ष बदलला होता. माथ्यावर साताऱ्याहून आणलेले मातीचे महाराज. ते सर्वांहून चौपट मोठे होते, पण ते तसे असणेच योग्य, असे चिरंजीवांचे मत पडले.

अज्जी फराळाचे ताट परत द्यायला आल्या. चष्मा सावरून त्यांनी सगळे पाहिले आणि कौतुकाने विचारले, “इदु याव कोटे, पुट्टा?” हा कोणता कोट, बाळ?

“होस कोटे, अज्जी,” चिरंजीव म्हणाले.

अज्जींना वाटले, आपल्या गावाचे नाव सांगतो आहे. सौभाग्यवतींना वाटले, नवा किल्ला असे म्हणतो आहे. आम्ही विचारले नाही. काही शब्दांचे स्पष्टीकरण मागवू नये, एवढे शहाणपण फायलींच्या सहवासातही शिकता येते.

आमच्या स्नेह्यांना आम्ही ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, “पण संच मोडला ना!” त्यांच्या स्वरात जुने संच जमवणाऱ्याचे खरे दुःख होते, आणि त्या दुःखाचा आम्ही आदर करतो. जमवणारा संच जपतो, म्हणून १९७८ चा हसरा प्रवासी आजही पाहायला मिळतो. पण मुलाचे काम वेगळे. उसने घेतलेले त्याने जसेच्या तसे परत करायचे नसते, वापरून मोडून आपले करायचे असते. मराठीनेही असेच केले आहे. ‘अडकित्ता’ आणि ‘चिंधी’ हे शब्द कन्नडातून आले असे जाणकार सांगतात. सुपारी कातरताना कोणाला आठवण राहते की हा परवान्याचा शब्द आहे?

तेव्हा आमच्या टिपणाचा समारोप असा. चित्रपटाचे संच घरात येण्यास आमची हरकत नाही, निंजागोसही नाही, आणि रायगडाचा संच निघालाच तर त्यालाही नाही. अट एकच. ठराविक काळ कपाटावर मानाने बसून झाले, की प्रत्येकाने त्या मोठ्या निळ्या बादलीत उतरावे, जिथे बुरुज, पंख, चाके आणि खिडक्या एका पातळीवर येतात. चिरंजीवांनी ही अट मान्य केली आहे, पण एक पोटकलम घातले आहे: बादलीतून काय बांधायचे ते बाबांनी सुचवायचे नाही. त्यावर आमची सही झाली आहे. मूळ प्रत त्यांच्याकडे असून नक्कल आमच्याकडे आहे.